चुकलेला नमस्कार मोजायचा नाही : सूर्यनमस्कार नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी रथसप्तमीला आमच्या भागातल्या मैदानावर १०८ सूर्यनमस्कारांचा सामूहिक कार्यक्रम होता. माईकवरून अंक येत होते आणि आम्ही दीड-दोनशे माणसं ते पाळत होतो. पन्नाशीच्या पुढे गेल्यावर रांगांमधून एक आवाज यायला लागला. थप्. साष्टांगाच्या अंकाला अंगं जमिनीवर उतरत नव्हती, पडत होती. माझंही पडत होतं. १०८ पुरे झाले, गळ्यात पदक आलं, आणि संध्याकाळी उजव्या हाताने लाटणं धरवेना. मनगट सुजलं होतं. पुढचे दोन महिने आमच्याकडे पोळ्या दुसऱ्यांनी लाटल्या.

नंतर मी हिशोब मांडला. कार्यक्रम साधारण २५ मिनिटांत आटोपला होता. म्हणजे एका नमस्काराला जेमतेम १४ सेकंद, आणि दहा अंकांतल्या (म्हणजे स्थितींतल्या) प्रत्येक अंकाला दीड सेकंदाहूनही कमी. तेवढ्या वेळात धड श्वाससुद्धा आत जात नाही, मग खांदा कुठे आहे आणि कंबर कुठे आहे ते कळणार कसं?

तेव्हापासून मी एकच नियम पाळते: चुकलेला नमस्कार मोजायचा नाही. घातला तरी वहीत लिहायचा नाही. हा लेख त्या नियमावर उभा आहे, आणि ज्यांनी शाळा सोडल्यापासून एकही नमस्कार घातलेला नाही त्यांच्यासाठी आहे.

नमस्कार झाल्यावर आपण म्हणतो तो श्लोक आठवून पाहा: ‘आदित्यस्य नमस्कारान् ये कुर्वन्ति दिने दिने’. त्यात ‘दिने दिने’ आहे. किती घालायचे, ते त्यात कुठेच नाही.

आधी हे बघा

रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, काचबिंदू, हर्निया किंवा मणक्याची गादी सरकलेली असेल, अलीकडे ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. नमस्कारात डोकं हृदयाच्या खाली जातं आणि पोटावर दाब येतो. विचारताना नुसतं ‘व्यायाम करू का’ असं विचारू नका. एक नमस्कार करून दाखवा किंवा आसनांची चित्रं दाखवा, म्हणजे नेमकं उत्तर मिळेल.

जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. सकाळची वेळ चांगलीच, पण अंथरुणातून उठून थेट नको. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. अशा वेळी पुढे वाकलं की त्यांच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. अर्धा-पाऊण तास घरात वावरा, झाडांना पाणी घाला, मग या.

जागा म्हणाल तर तुमच्या उंचीपेक्षा थोडी लांब मोकळी जमीन पुरते. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी सरकते आणि गोधडी मऊ पडते, तिच्यात तळहात रुततात आणि मनगट जास्त मागे दुमडतं. न सरकणारी मॅट घ्या, नाहीतर सरळ फरशीवर घाला आणि गुडघ्यांखाली तेवढा घडी केलेला टॉवेल ठेवा. घरात लाकडी पाट असेल तर काढून ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिला आठवडा : पूर्ण नमस्कार घालायचाच नाही

हे पटायला जड जातं, मला माहीत आहे. माणूस ठरवून उठलेला असतो, त्याला लगेच बारा घालायचे असतात. पण नव्या व्यायामाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते, ती बरीचशी मज्जासंस्थेच्या शिकण्यातून आलेली असते. कोणता स्नायू कधी आणि किती आवळायचा याचा मेंदू सराव करत असतो. या दिवसांत तुम्ही जे घटवाल तेच अंगवळणी पडतं, चूकसुद्धा. शिवाय स्नायूंच्या मानाने स्नायुबंध आणि कंडरा हळू तयार होतात. महिन्याभरात दंडाला जोर आल्यासारखा वाटतो, पण मनगट अजून मागेच असतं.

म्हणून या आठवड्यात फक्त तीन तुकडे करायचे, रोज दहा मिनिटं.

पहिला तुकडा वाकण्याचा. आपल्याकडे सांगतात ‘कंबरेतून वाका’, आणि तिथेच घोटाळा होतो. कंबरेतून वाकलं की पाठीची कमान होते आणि सगळा भार खालच्या मणक्यांवर जातो. घडी पडायला हवी खुब्यात, जिथे मांडी धडाला मिळते तिथे. ओळखायची सोपी खूण अशी: उभे राहा, दोन्ही हातांची बोटं जांघेच्या खाचेत ठेवा, गुडघे थोडे सैल सोडा आणि पार्श्वभाग मागे ढकलत हळूहळू वाका, जणू मागचं दार पाठीमागूनच लोटताय. बोटं चिमटली गेली तर घडी योग्य जागी पडली. नाही चिमटली, तर वाकली ती फक्त पाठ. कोकणात भाताची लावणी चालू असेल तेव्हा बांधावर उभं राहून बघा. बायका ओणव्या असतात पण पाठी सपाट, घडी खुब्यात. दिवसभर तसं राहून पाठ त्यांचीही भरून येते, पण वाकायची जागा त्यांच्याकडून शिकावी.

हात जमिनीला पोचत नाहीत म्हणून लाज वाटून घेऊ नका आणि गुडघे ताठ ठेवायचा हट्ट करू नका. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर ते माकडहाडाकडचा भाग खाली ओढून धरतात, खुबा फिरत नाही, आणि उरलेलं वाकणं पाठीला करावं लागतं. गुडघे वाकवा. तरीही हात पोचले नाहीत तर समोर पाट ठेवा आणि त्यावर टेका. फक्त तो भिंतीला लावून ठेवा, सरकला तर तोंडावर पडाल.

दुसरा तुकडा तळहाताचा. माझं मनगट गेलं ते याच अज्ञानापायी. आपण हात टेकतो तेव्हा वजन मनगटाजवळच्या टाचेसारख्या भागावर सोडून देतो. त्याऐवजी बोटं पसरा, मधलं बोट सरळ पुढे, आणि अंगठा व तर्जनी यांच्या बुंध्याशी जमीन दाबा. बोटांची पेरंही जमीन धरून ठेवताहेत असं वाटलं पाहिजे. आधी हे भिंतीवर करा, मग ओट्याच्या कडेवर, मग गुडघे टेकून जमिनीवर. प्रत्येक ठिकाणी पाच श्वास थांबा.

तिसरा तुकडा खाली उतरण्याचा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण नमस्कार बिघडतो तो बहुतेक तिथेच.

अंक एक ते दहा

शिकवण्याच्या पद्धती अनेक आहेत. कुठे बारा स्थिती मोजतात, कुठे दहा. सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन प्रसार करणारे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांच्या पद्धतीत दहा स्थिती आहेत, आणि आपल्याकडच्या शाळांमध्येही बहुतेकांनी दहा अंकांतच शिकलेलं असतं. मी तीच धरते. तुम्हाला बाराची सवय असेल तर ती ठेवा, फरक मोजण्यात जास्त आहे.

सुरुवातीला पाय जुळवून किंवा थोडं अंतर ठेवून उभं राहायचं, हात छातीशी जोडलेले. तोल जात असेल तर अंतर ठेवा, काही बिघडत नाही.

एक. श्वास घेत हात वर. मागे फार झुकू नका. हात वर गेल्यावर बरगड्या पुढे फुगत असतील तर कमान कंबरेत पडतेय असं समजा. छत ढकलायचंय असं वाटू दे, एवढं पुरे.

दोन. श्वास सोडत वाकायचं, आठवडाभर घटवलं तसंच. हात पावलांच्या बाजूला टेकले की ते नवव्या अंकापर्यंत जागचे हलवायचे नाहीत, असं आपल्याकडे शिकवतात आणि ते अगदी बरोबर आहे. हात पुढेमागे सरकवण्याची गरज पडते तेव्हा अंतर चुकलेलं असतं किंवा भार हातांवर घेतलेलाच नसतो.

तीन. श्वास घेत एक पाय मागे, गुडघा टेकलेला. पुढच्या पायाचा गुडघा घोट्याच्या वर असावा, आत कललेला नसावा. नजर समोर, मान मागे मोडायची नाही.

चार. श्वास सोडत दुसरा पायही मागे. टाचांपासून डोक्यापर्यंत एक सरळ फळी. कंबर झोळीसारखी लोंबली की पाठ दुखणार, पार्श्वभाग वर चढला की खांदे सुटणार. नाभी हलकीच पाठीकडे ओढून धरा. इथे दोन श्वास थांबता येत नसेल तर अजून गुडघे टेकूनच हा अंक करा. महिनाभर केलात तरी चालेल.

पाच. साष्टांग. दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगं टेकायची. क्रम असा: आधी गुडघे, मग छाती दोन हातांच्या मधोमध, शेवटी कपाळ. पोट टेकत नाही, पार्श्वभाग किंचित वर राहतो. कोपरं बाहेर पंखासारखी उघडायची नाहीत, बरगड्यांना घासत मागे जायची. आणि छाती उतरायला तीन आकडे मोजण्याइतका वेळ घ्यायचा.

उतरताना नेमकं काय होतं ते सांगते. छाती खाली जात असते तेव्हा दंडाच्या मागचे आणि छातीचे स्नायू लांब होत असतात, पण त्याच वेळी वजन तोलूनही धरत असतात. ब्रेक दाबत घाट उतरण्यासारखं हे काम. ताकद इथेच कमावली जाते, आणि दुसऱ्या दिवशी अंग भरून येतं तेही मुख्यत: याच कामामुळे. घाईत आपण ब्रेकवरचा पाय काढतो. शेवटचं वीतभर अंतर अंग नुसतं सोडून दिलं जातं, तो धक्का मनगट आणि खांद्याच्या सांध्यात जिरतो आणि स्नायूंना काहीच मिळत नाही. थप् हा आवाज त्या वीतभर अंतराचा आहे.

म्हणून आवाज ऐका. छाती टेकताना आवाज आला तर तो नमस्कार मोजायचा नाही. तुम्हाला ना आरसा लागतो ना शिक्षक, कान पुरतो. पहिल्या आठवड्यात याचा सराव गुडघ्यांवर करा: गुडघे आणि हात टेकून, छाती तीन आकड्यांत खाली आणि मग हवं तसं उठा. वर येण्याची चिंता करू नका. रोज पाच वेळा बिनआवाज उतरलात तरी भरपूर.

सहा. श्वास घेत भुजंगासन, म्हणजे छाती वर उचलायची. इथे सगळे हातांनी रेटून उंच जातात. एक परीक्षा करून बघा: वर आल्यावर क्षणभर दोन्ही तळहात जमिनीपासून कागदभर उचला. धड जिथे थांबेल ती तुमच्या पाठीची स्वत:ची उंची. बहुतेकांची ती चार बोटं असते. सध्या तेवढंच वर जायचं, कोपरं वाकलेली, खांदे कानांपासून लांब.

सात. श्वास सोडत पार्श्वभाग वर, अंगाचा डोंगर. टाचा टेकल्या नाहीत तरी हरकत नाही. टाचा टेकवायच्या हट्टापायी पाठ गोल झाली तर मात्र अंक वाया गेला. गुडघे वाकवून पाठ लांब ठेवा.

आठ. श्वास घेत पाय दोन हातांच्या मध्ये आणायचा. नव्या माणसाचा पाय मध्येच अडतो आणि तो हात उचलून जागा करतो. त्यापेक्षा मागचा गुडघा टेकवा, पाय जमेल तेवढा आणा आणि उरलेलं अंतर दुसऱ्या खेपेत आणा. हात पाटावर असतील तर खाली जागा होते आणि हा अंक सोपा जातो.

नऊ म्हणजे पुन्हा दोन. दहाला श्वास घेत उठायचं, तेही खुब्यातूनच, पाठ सपाट ठेवून. गोल पाठीने उचकून उठू नका.

पुढच्या नमस्काराला दुसरा पाय आधी मागे न्या. म्हणून नमस्कार नेहमी जोडीने मोजतात: दोन, चार, सहा. एकाच पायाने सगळे घातले तर एकच बाजू ताणली जाते.

श्वास

पूरक, रेचक, कुंभक (श्वास घेणं, सोडणं, रोखणं) यांचं कोष्टक पाठ करायची घाई नको. छाती उघडते तेव्हा श्वास आत, पोट दुमडतं तेव्हा बाहेर, एवढं धरून चाला. साष्टांगात काही जण श्वास रोखायला सांगतात. तुम्ही सुरुवातीला रोखू नका, विशेषत: चाळिशीच्या पुढे असाल तर. उतरताना सोडत राहा.

श्वास तुमचा वेग ठरवू दे, अंकांनी श्वासाला पळवायचं नाही. असं केलं की एका नमस्काराला आपोआप अर्धा मिनिट लागतो. प्रत्येक नमस्काराआधी सूर्याचं एकेक नाव घ्यायची जी पद्धत आहे, ॐ मित्राय नम:, ॐ रवये नम:, ती मला याचसाठी फार आवडते. नाव पूर्ण उच्चारता येईपर्यंत माणूस थांबतो आणि तेवढ्यात श्वास जागेवर येतो. नाव तुटक निघालं तर अजून एक श्वास थांबा. श्रद्धा असो वा नसो, करून बघा.

लक्ष कुठे ठेवायचं

सगळीकडे एकदम लक्ष ठेवता येत नाही. ठेवायला गेलं की अंग आखडतं. आठवड्याला एकच जागा निवडा. या आठवड्यात फक्त तळहात. पुढच्या आठवड्यात कोपरं. मग खुबे. बाकी चुकतंय असं वाटलं तरी त्या आठवड्यापुरतं सोडून द्या, फक्त जखम करणारी चूक तेवढी सोडायची नाही.

आरशात बघत घालू नका, बघण्यासाठी मान वळते आणि तीच चूक होऊन बसते. मोबाईल बाजूला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर उभा करा आणि पहिला व शेवटचा नमस्कार टिपा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. माझ्या पहिल्या व्हिडिओत मला वाटत होतं पाठ सपाट आहे, प्रत्यक्षात ती कासवासारखी होती. आतून जे जाणवतं आणि बाहेरून जे दिसतं त्यातलं अंतर कमी करणं, सरावातलं निम्मं काम तेच.

किती आणि कधी वाढवायचे

दुसऱ्या आठवड्यात चार घाला. शेवटचा नमस्कार पहिल्यासारखा दिसत असेल आणि आवाज नसेल, तरच पुढच्या आठवड्यात दोन वाढवा. नसेल तर आहे तिथेच राहा. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. असं करत बाराला पोचायला दीड-दोन महिने लागतील, आणि बारा नीट नमस्कार म्हणजे सहा-सात मिनिटांचा चांगला दमवणारा व्यायाम आहे. घालता घालता एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द फुटत नसतील तर मध्ये उभे राहून विसावा घ्या.

दुखण्यातला फरक ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना सारखं, बोथट, मांसल भागात, दुसऱ्या दिवशी जाणवणारं आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारं दुखणं नव्या कामाचं असतं. हलका हात ठेवून चालू ठेवा. पण सांध्यात, एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणारं दुखणं, घालतानाच उठणारी कळ, पायात उतरणारी चमक किंवा मुंग्या, हे दिसलं की त्याच अंकावर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर वाट बघू नका, लगेच मदत घ्या.

ज्यांना जमिनीवर उतरता-उठता येत नाही त्यांनी भिंतीला टेकवलेल्या जड खुर्चीवर हात ठेवून दोन, तीन, चार आणि सात हे अंक घालावेत. माझी आई तसेच घालते, रोज सहा.

सामूहिक कार्यक्रमात जाताना

जायला हरकत नाही. मैदानावर पहाटे एवढी माणसं एका लयीत हलताना बघून फार बरं वाटतं. फक्त मागच्या रांगेत उभे राहा, म्हणजे मागे पडलात तरी कोणाच्या अंगावर पाय जाणार नाही. माईकचा अंक तुमच्या श्वासापेक्षा पुढे गेला तर एक नमस्कार सोडून द्या आणि पुढच्याला सामील व्हा. आणि कान उघडे ठेवा.

या वर्षीच्या रथसप्तमीला मी पुन्हा त्याच मैदानावर गेले होते. त्रेचाळिसाव्याला छाती टेकताना आवाज आला. उठून कडेला जाऊन बसले, पाणी प्यायले आणि घरी येऊन वहीत ४२ लिहिले.